डोळ्यातली हरळी

माझी पिठाची गिरणी आहे. जातं फिरत असताना हळू बोलून भागत नाही, त्यामुळे आयुष्यभर ओरडून बोलायची सवय लागली. बायको म्हणते, तुम्ही लिहिता तेसुद्धा ओरडूनच लिहिता. म्हणू दे. ज्या बाईबद्दल मी लिहायला बसलोय तिच्यापुढे माझा आवाज काहीच नाही.

धोंडुबाई माने तिचं नाव. आमच्या गावच्या भांगलणीच्या टोळीची ती म्होरकी. जयसिंगपूरकडून आमच्या गावाला यायला लागलात की दोन्ही बाजूंना ऊस लागतो, मधेच ढबू मिरचीचे प्लॉट, कुठं वांगी, कुठं फ्लॉवर, आणि त्या सगळ्यात ओळीनं खाली वाकलेल्या बायका. हातात खुरपं, साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. पिकातलं तण खुरपून काढायचं काम, त्यालाच भांगलण म्हणायचं. एकेका बाईनं आपापली पात धरायची, म्हणजे आपल्या वाटणीची ओळ, आणि ती संपवूनच पाठ सरळ करायची. धोंडुबाईची पात नेहमी सगळ्यांच्या पुढं. मागं राहिलेल्या बाईला ती जे काही बोलते ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण मागं राहिलेलीची पात शेवटी तीच येऊन पुरी करून देते हेही खरं.

वय विचारलंत तर म्हणते, "मी कुठं मोजत बसलो?" पन्नाशी कधीच ओलांडलीय. (आमच्याकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. परगावच्या वाचकांनी दचकू नये.)

या बाईला डोळा एकच. म्हणजे दिसायला दोन, चालू एक. तरुणपणी ऊस तोडताना उसाचं धारदार पान उजव्या डोळ्यात गेलं. घरच्यांनी आधी दुधात भिजवलेल्या कापडाची घडी ठेवून बघितली, मग कुणी सांगितला तो पाला पिळून बघितला, आणि डॉक्टरकडं नेलं तोवर डोळ्यात फूल पडलं होतं. त्या डोळ्याला दिवस आहे की रात्र एवढंच कळतं. बाकी सगळा संसार, म्हणजे सुईत दोरा ओवणं, तांदळातले खडे वेचणं, पिकात लपलेलं तण ओळखणं, नातवंडांची तोंडं बघणं, सगळं डाव्या डोळ्याच्या जिवावर.

आणि त्या डाव्या डोळ्यात काहीतरी वाढायला लागलं. नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढरट-तांबूस पदर निघाला होता आणि काळ्या बुबुळाकडं सरकत होता. डोळा सारखा लाल, सारखी खडा गेल्यागत टोचणी. धोंडुबाई म्हणायची, "धुरळा गेला आसंल." वर्षभर धुरळाच जात होता. सून क्रांती हुशार पोरगी. तिनं एक दिवस सासूला दारात उजेडात बसवलं, पापणी वर करून बघितलं आणि थेट माझ्या गिरणीत आली. "आण्णा, उद्या जयसिंगपूरला जाणार हाय म्हणालासा न्हवं? आत्यास्नी बी न्यायचं हाय, डोळ्याच्या डाक्टरकडं." मला गिरणीचा पट्टा आणायचा होताच. दोघींना गाडीत घेतलं.

डॉक्टर प्रियदर्शनी वयानं लहान, पण माणसाशी बोलायची रीत चांगली. त्यांनी यंत्रातून डोळा बघितला, त्याचा फोटो काढला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

"मावशी, डोळ्यात वेल आलाय. पांढऱ्यातून काळ्यावर चढायला लागलाय. असाच सरकत मधल्या बाहुलीपर्यंत गेला तर दिसायचं कमी होणार."

"मग काढा की. उपटा, टाका."

"काढता येतो. पण तुमचा चालू डोळा हा एकच. गरज नसताना मला त्याला हात लावायचा नाही. आणि काढला तरी उन्हात अशाच बसत राहिलात तर तो परत येतो. कधी कधी पहिल्यापेक्षा जोरात येतो."

धोंडुबाई खुर्चीत सरळ झाली. "मुळासकट काढला तरी परत?"

"हो, बऱ्याच जणांना येतो."

"मग ह्याला येल कशापायी म्हणता, बाई? ही हरळी हाय की!"

ज्यांनी कधी शेतात पाय ठेवला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हरळी म्हणजे बारीक पात्यांचं, जमिनीला चिकटून पसरणारं गवत. पूजेत तिला दूर्वा म्हणून मान आहे, शेतात तिला शिव्या आहेत. खुरप्यानं काढा, नांगरून काढा, एक कांडं मातीत राहिलं की आठवड्यात पुन्हा हिरवीगार. भांगलणाऱ्या बायकांचं अर्धं आयुष्य हरळीशी भांडण्यात जातं. डॉक्टरीणबाई हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "अगदी बरोबर. हरळीच समजा. आता ती कशावर वाढते ते ऐका. ऊन, वारा आणि धूळ. त्यातही मुख्य ऊन."

मग त्यांनी सांगितलं ते असं. काम सोडायची गरज नाही. पण उन्हात बसताना डोक्याला सगळीकडून रुंद काठाची टोपी हवी आणि डोळ्यांना बाजूनंही झाकणारा गॉगल हवा. गॉगलची काच अशी हवी की उन्हातले न दिसणारे अतिनील किरण तिच्यातून आत येत नाहीत. नुसत्या टोपीनं भागणार नाही, कारण ऊन खालूनही येतं. ढबूच्या वाफ्यावर चंदेरी मल्चिंगचा कागद अंथरलेला असतो, पाटात पाणी असतं, त्यावरून ते उलटं डोळ्यात शिरतं. दुपारचं कडक ऊन टाळता आलं तर उत्तम. थेंब दिलेत ते घालायचे. "वर्षानं या. आजच्या फोटोशी ताडून बघू. वेल आहे तिथंच थांबला असेल तर ऑपरेशन नको. सरकला असेल तर मग करावंच लागेल, आणि या एकुलत्या एका डोळ्यावर ते करायची वेळ माझ्यावर आणू नका."

झालं, एक वर्ष. तेवढ्यात हरळी थांबवायची, नाहीतर उरलेला डोळाही पणाला. एवढी सरळ गोष्ट होती.

दवाखान्याखालच्याच चष्म्याच्या दुकानातून तपकिरी काचांचा, कानापर्यंत वळलेला गॉगल घेतला, नाडीची टोपी घेतली. परतीच्या वाटेवर धोंडुबाई गप्प. ही बाई गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. उसातल्या सापाला जी खुरप्याच्या दांड्यानं हुसकून लावते, ग्रामसभेत सरपंचाला जी बसा खाली म्हणते, ती मांडीवरच्या गॉगलकडं बघून म्हणाली, "आण्णा, गाव काय म्हनंल ओ?"

क्रांती उसळली. "काय म्हनंल? हे कागलच्या कंपनीत कामाला जात्यात, तिथं गॉगल घातल्याबिगर गेटातनं आत सोडत न्हाईत. ते सावलीत मशीनवर उभं ऱ्हात्यात. तुमी दिसभर उन्हात. मग गॉगल कुणाला पायजे?" हे म्हणजे तिचा नवरा, धोंडुबाईचा मुलगा सम्राट. सुनेचं बोलणं बिनतोड होतं, पण गाव काय तर्कावर चालत नाही.

त्याआधीच्या पावसाळ्यात आमच्याकडं डोळ्यांची साथ येऊन गेली होती. घरटी दोघा-तिघांचे डोळे आलेले, जो तो काळा चष्मा लावून भिंतीकडं तोंड करून बसलेला. आणि आमच्या गावाचा पक्का समज असा की डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यात नुसतं बघितलं तरी आपले डोळे येतात. डॉक्टर कितीही सांगोत की ते हाताच्या, रुमालाच्या, टॉवेलच्या स्पर्शानं पसरतं, आम्ही टॉवेल एकच वापरणार आणि बघायचं मात्र टाळणार. त्यामुळे गावात गॉगल म्हणजे धोक्याचा बावटा. अपवाद फक्त फ्लेक्सचा. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गावातली झाडून सगळी पोरं गॉगल लावून उभी असतात. त्यातलं एकही उन्हात जात नाही, पण त्यांचे डोळे आलेत असं कुणी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई टोपी-गॉगल घालून राजमतीक्कांच्या ढबूच्या प्लॉटवर गेली. टोळीतली बाळाबाई तिच्या बरोबरीची, लहानपणापासूनची मैत्रीण, जीभ तिखट. तिनं लांबूनच हाळी दिली, "सरका गं पोरींनो, सरका! धोंडीचं डोळं आल्यात!"

सगळ्या बायका कोंबडीमागं पिल्लं पळावीत तशा बाळाबाईच्या मागं पळाल्या. धोंडुबाई ओरडली, "डोळं न्हाई आलं! डोळ्यात येल आलाय, येल!" डॉक्टरांचा शब्द मोठा, तोच वापरावा, असं तिला वाटलं. झालं भलतंच. डोळे येणं निदान सगळ्यांच्या ओळखीचं होतं. हा वेल काय प्रकार? अंगावर नागीण उठते तसला काही असेल, लागण होत असेल, घरादारावर पसरत असेल. राजमतीक्का बांधावर उभ्या होत्या. बाई मनानं चांगली, पण त्यांनीही पदर डोळ्यांवर ओढला आणि म्हणाल्या, "धोंडुबाई, बरं वाटल्यावर ये गं. गडबड न्हाई."

मग गावभर तेच. पाणी भरायच्या जागी बायका तिला बघून तोंड फिरवायच्या. हळदी-कुंकवाला तिच्या कपाळाला कुंकू लावणारी बाई स्वतःचे डोळे गच्च मिटून घ्यायची, त्यामुळे कुंकू नाकावर लागायचं. हे ऐकून आधी मला हसू आलं आणि मग भयंकर राग आला. ज्या बाईनं सबंध गावाचं तण काढलं तिच्याकडं बघायला कुणी तयार नाही! मी गिराइकांना सांगायला जायचो तर ती म्हणायची, "आण्णा, तुमची गिरणी तुमी चालवा."

आणि शेवटी तिनं हार खाल्ली. गॉगल शर्टाच्या खिशात घातला, टोपी घरी ठेवली आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून पहिल्यासारखी कामाला जायला लागली. बाळाबाई म्हणाली, "बगा, उतरलं डोळं." टोळीनं तिला परत घेतलं. आठ-दहा दिवसांत डोळा टोमॅटोसारखा लाल झाला. क्रांतीनं सासूशी बोलणं टाकलं. एक दिवस ती एवढंच म्हणाली, "आत्या, टोळी ऱ्हायली तर डोळा जातोय, डोळा ऱ्हायला तर टोळी जातीया. काय ते ठरवा."

मग एक दिवस गिरणीत ते घडलं. बाजाराचा आदला दिवस होता. दळण घेऊन आलेल्या बायकांनी ओटा भरला होता, बाळाबाईही डबा घेऊन बसली होती. तेवढ्यात दारात धोंडुबाई उभी राहिली. टोपी, गॉगल, कमरेला जोंधळ्याचा डबा. एका क्षणात सगळ्या माना भिंतीकडं वळल्या.

तिनं डबा दाणकन खाली ठेवला. "आण्णा, मशीन बंद करा."

गिरणी मधेच बंद करणं म्हणजे जात्यात अडकलेलं दळण खराब होणं. मी ती लग्नाच्या मांडवातनं बोलावणं आलं तरी बंद करत नाही. त्या दिवशी केली. पट्टा फडफडत थांबला आणि एवढी शांतता झाली की माझ्याच कानांना दडे बसल्यासारखं वाटलं.

धोंडुबाईनं टोपी काढली, गॉगल काढला, उन्हाच्या तिरिपेत येऊन बसली आणि हातानं डाव्या डोळ्याची पापणी वर धरली. "या. एकेक जण या आन् बगा. डोळं आलं न्हाईत. येल बी न्हाई. डोळ्यात हरळी आलीया."

"काय आलंय?" बाळाबाईची मान आपोआप वळली.

"हरळी गं बाई! आपली हरळी! कोपऱ्यात मुळी हाय, काळ्याकडं पसराय लागलीया. डाक्टरीन म्हनली काढून टाकतो, पन ऊन लागलं की परत फुटती. आता तूच सांग, हरळी कुनाच्या रानातनं नुसती बगून दुसऱ्याच्या रानात जाती व्हय?"

मग एक बाई उठली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "व्हय की गं. कांडं दिसतंय." दुसरी उठली. तिसरी. ज्या बायका गॉगल दिसला की तोंड चुकवत होत्या त्या रांग लावून तिच्या डोळ्यात बघायला लागल्या. डॉक्टरांचा वेल त्यांना परका होता. हरळीबद्दल मात्र त्यांना कुणी काही शिकवायची गरज नव्हती. ती कशी धरते, कशी पसरते, वरवर खुरपली तर कशी दुप्पट होऊन येते, सगळं त्यांच्या हातांना ठाऊक. "मग आता काढायची न्हाई, वाढूच द्यायची न्हाई," एकीनं निकाल दिला. "उनाला आडवायचं."

बाळाबाई सगळ्यात शेवटी उठली. तिनं खूप वेळ बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती खेकसली, "आदी सांगाय काय झालतं तुला? येल येल करत बसलीस!"

"तू जवळ कवा आलीस सांगाय?" धोंडुबाई म्हणाली. आणि तिनं बाळाबाईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. "थांब. हलू नगंस. अगं, तुझ्या बी डोळ्यात मुळी हाय!"

त्यानंतर माझ्या गिरणीत जो कल्ला झाला त्यापुढं गिरणीचा आवाज बरा. प्रत्येक बाई दुसरीची पापणी वर करून तपासत होती. आणखी दोघी-तिघींच्या डोळ्यांत तसाच कोपरा पांढरा दिसला. दळण तसंच राहिलं. आम्ही जैन, त्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून मला गिरणी कशीबशी रिकामी करून कुलूप लावावं लागलं, आणि बायकोनं ताटावर बसल्याबसल्या माझ्याही डोळ्यात डोकावून बघितलं. पीठ सोडून काही सापडलं नाही.

आता सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटेल. पण बाळाबाई ती बाळाबाई. आता पुढारपण आपल्याकडं हवं म्हणून ती बाजारातून झाडून सगळ्या टोळीसाठी गॉगल घेऊन आली. रस्त्यावर चादर अंथरून विकतात तसले, कोळशासारखे काळेकुट्ट. "जेवढं काळं तेवढं भारी," असं तिचं शास्त्र. टोळी ते घालून ऐटीत डोळे तपासायला जयसिंगपूरला गेली. पुन्हा माझीच गाडी. चष्म्याच्या दुकानात काचेतून अतिनील किरण किती जातात ते बघायचं छोटं यंत्र होतं. बाळाबाईचा एकेक गॉगल त्यावर ठेवला आणि एकेक नापास झाला.

वर दवाखान्यात डोळे तपासताना डॉक्टर प्रियदर्शनींनी समजावलं. नुसती काळी काच असली की अंधार झाला असं वाटून डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काचेत ते किरण अडवायची सोय नसली तर ते मोठ्या झालेल्या बाहुलीतून जास्तच आत जातात. असला गॉगल नसलेला बरा. रंगाचा आणि संरक्षणाचा संबंध नाही. जवळजवळ पांढरी, आरपार दिसणारी काचसुद्धा सगळे किरण अडवू शकते.

धोंडुबाईनं मागं वळून टोळीला आपल्या भाषेत सांगितलं, "म्हंजे काळोख झाला म्हनून डोळ्यानं दार सताड उगडायचं आन् ऊन आत घुसायचं. कळलं?"

कळलं सगळ्यांना. पण परत खाली आल्यावर दुकानदारानं यंत्रावर पास झालेला फिकट काचांचा गॉगल पुढं केला तेव्हा बाळाबाईचं तोंड उतरलं. "ह्यो? ह्यात मी हिरॉईन कशी दिसणार?"

"हरळीवाली हिरॉईन," धोंडुबाई म्हणाली, आणि गाडीपर्यंत बायका हसत गेल्या.

फिकट काचांचा एक फायदा झालाच. आतले डोळे दिसायचे, त्यामुळे गावातली उरलीसुरली कुजबुजही बंद पडली. पण खरी लढाई उन्हाच्या वेळेची होती. डॉक्टरांनी दुपार टाळा सांगितलं होतं आणि आमच्याकडं भांगलण म्हणजे नऊला सुरू, दुपारी घटकाभर भाकरीपुरती सुट्टी, की पुन्हा डोक्यावरच्या उन्हात. धोंडुबाईनं जाहीर केलं, "आमी दिस उगवायला येणार, ऊन तापलं की झाडाखाली, उन्हं कलली की परत पात धरणार. टोपी-गॉगल अंगावर ऱ्हानार. काम तेवढंच हुईल, एक ओळ कमी पडली तर मला बोला."

राजमतीक्का लगेच हो म्हणाल्या. पदर ओढल्याचं त्यांना लागून राहिलं होतं की काय कोण जाणे, त्यांनी बांधावरच्या आंब्याखाली बायकांसाठी ताडपत्री बांधली, पाण्याचा माठ ठेवला.

विजयसिंहांनी मात्र नाही म्हटलं. गावातला मोठा ऊस त्यांचा, नदीपर्यंत रान. त्यांनी जीपमध्ये बसूनच निकाल दिला, "टोपी घालून, गॉगल लावून बाया काम करत न्हाईत, टिवल्याबावल्या करत्यात. माझ्या रानात असली थेरं चालायची न्हाईत." हे बोलताना त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांवर भला थोरला गॉगल होता, जीपला वरून छत होतं आणि काचा वर केलेल्या होत्या.

धोंडुबाई म्हणाली, "बरं तर, दुसऱ्या बाया बगा."

त्यांनी बघितल्या. दुसऱ्या गावच्या टोळ्या आपापल्या गावात अडकलेल्या. तणनाशक मारलं, त्यातनं काही तण मेलं, काही राहिलं. पाऊस झाला आणि विजयसिंहांच्या उसात हरळी, लव्हाळा, सगळं पाहुण्यासारखं मुक्कामाला आलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला ऊस कुठला आणि तण कुठलं कळेना. शेजारच्या राजमतीक्कांच्या रानात मात्र एक काडी जादा नाही, आणि भल्या सकाळी तिथं पांढऱ्या टोप्यांची रांग सरसर पुढं सरकताना सगळ्या गावाला दिसायची.

एक दिवस ती जीप माझ्या गिरणीसमोर थांबली. धोंडुबाई दळण चाळत बसली होती. विजयसिंह खाली उतरले, गॉगल कपाळावर चढवला. "धोंडाक्का, सोमवारपासनं टोळी घेऊन ये की."

"टोपी-गॉगल?"

"घाला."

"दुपारी सावली?"

"बांधतो मांडव."

"आन् टिवल्याबावल्या?"

विजयसिंहांनी माझ्याकडं बघितलं. मी जात्याकडं बघितलं. "त्या बी करा," ते म्हणाले, आणि ओट्यावरच्या बायकांनी जी टाळी पिटली ती चौकापर्यंत ऐकू गेली.

वर्ष असं गेलं. टोपीचे काठ मळले, नाड्या दोनदा बदलल्या. डोक्यावर वैरणीचा भारा घ्यायचा झाला की टोपी काढून पाठीवर सोडायची, भारा टाकला की परत डोक्यावर, हेही अंगवळणी पडलं. जयसिंगपूरच्या बाजाराला येणाऱ्या आसपासच्या गावच्या बायका थांबवून विचारायला लागल्या, हे कुठं मिळतं, काचा कसल्या घ्यायच्या. बाळाबाई अधिकारवाणीनं सांगायची, "काळ्यावर जाऊ नगा, मशीनवर लावून बगा."

वर्षानं ठरल्याप्रमाणे मी, क्रांती आणि धोंडुबाई दवाखान्यात गेलो. गाडीत ती टोपीची नाडी सारखी सोडत होती, परत बांधत होती. मला कळत होतं. गावाला तिनं जिंकलं होतं, विजयसिंहांना वाकवलं होतं, पण डोळ्याचं काय झालं ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं. हरळी सरकली असेल तर हे सगळं कशासाठी केलं? मीही मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणत होतो, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर प्रियदर्शनींनी यंत्रातून बघितलं. नवा फोटो काढला. मागचा शेजारी ठेवला. मग पट्टीसारखं काहीतरी लावून मोजलं. पुन्हा मोजलं. क्रांतीनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की नखं रुतली.

"मावशी," डॉक्टर म्हणाल्या, "जागेवर आहे. केसभरही सरकला नाही. लालीसुद्धा गेलीय. ऑपरेशन नको."

धोंडुबाईनं कान पुढं केला. मग म्हणाली, "परत सांगा."

"जागेवर आहे. थांबलाय."

"जरा मोठ्यानं सांगा की बाई. भायेर मानसं बसल्यात, त्यास्नी बी कळू दे."

त्या पोरगीनं, एवढी शिकलेली डॉक्टर, दार उघडलं आणि बाहेरच्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "धोंडुबाईंच्या डोळ्यातली हरळी थांबली!" बाहेर कुणाला काही कळलं नाही, पण माणसं हसायला लागली. क्रांती रडायला लागली. माझेही डोळे भरले. धोंडुबाईनं टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "चला, पात अर्धी ऱ्हायलीया."

परत येताना उन्हं कलली होती. गावाच्या अलीकडं विजयसिंहांच्या रानाजवळ तिनं गाडी थांबवायला सांगितली. टोळी आत होती, पण सगळ्या खाली वाकलेल्या, त्यामुळे रस्त्यावरून नुसताच ऊस दिसत होता, कमरेएवढा, हिरवा. ती बांधावर चढली. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि साऱ्या शिवारात घुमेल अशी आरोळी ठोकली.

"थांबली गं! हरळी थांबली!"

उसातून आधी एक टोपी वर आली. मग दुसरी. मग सगळ्या रानात इथून तिथून टोप्याच टोप्या उभ्या राहिल्या, खुरपी उंचावली, फिकट काचांवर कललेली उन्हं चमकली आणि बायकांनी असा आवाज केला की गाडीत बसलेल्या मला, तीस वर्षं गिरणी चालवणाऱ्या माणसाला, कानावर हात ठेवावे लागले.

बाळाबाईचा आवाज सगळ्यांवरून आला. "हरळी थांबली न्हवं? मग तू कशाला थांबलीयास? ये की! तुझी पात मोकळी हाय!"

धोंडुबाईनं टोपीची नाडी हनुवटीखाली आवळली, पदरानं गॉगल पुसून डोळ्यावर चढवला, आणि उसात शिरली.